चॅसीचा पीळ

४ मार्च

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. रोज जमेल असं नाही, पण जे खटकेल ते तरी लिहायचं. तोंडी बोललेलं माणसं सोयीने विसरतात, आणि गाडीच्या कामात तर जास्तच.

गाडी म्हणजे आमची डोंगरात चालणारी, चारही चाकं ओढणारी जुनी गाडी. घेतली तेव्हाच ती दुसऱ्या हाताची होती. आम्ही दोघं नवराबायको मधमाश्या पाळतो. पठारावर फुलोरा आला की पेट्या वर न्यायच्या, आणि वर जायचा रस्ता म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र. गेल्या हंगामात तिथेच मागचा फाळका आपोआप उघडला आणि दोन पेट्या दगडांवर पडून फुटल्या. माश्यांनी मला कसं फोडून काढलं ते सोडा, पण दोन वसाहती हातच्या गेल्या. ही तेव्हा काहीच बोलली नाही. हिचं न बोलणं मला कधीच आवडलेलं नाही.

आज अंगणातल्या चौथऱ्यावर पुढचं एक चाक चढवून पाहिलं. चाक वर गेलं तशी सगळी गाडी ओल्या फडक्यासारखी पिळली. दार लागेना, चौकटीत बोट जाईल एवढी फट पडली, आणि मागे फाळक्याची कडी आपणहून सटकली. म्हणजे दोष चॅसीतच आहे. खाली एवढी मोठी लोखंडी चौकट, पण तीच पिळत असेल तर वरचं काहीच जागेवर राहणार नाही. हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

काम मेहुण्याकडे दिलंय. हिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला, पोट सुटलं, तरी सगळे छोटूच म्हणतात. स्वतःचं गॅरेज आहे, हात चांगला आहे. जीभ त्याहून चांगली आहे, तीच अडचण.

चहाचा पेला सांडला. ही हल्ली पेला डाव्या हाताला अगदी काठावर ठेवते. सांगितलं तर म्हणते, "नेहमीच्याच जागी ठेवलाय." म्हणजे पेला चालत गेला.

७ मार्च

गाडी गॅरेजमध्ये नेऊन दिली. छोटूने ती उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि आम्ही दोघं खाली शिरलो. तो हातोडीने एकेक रिव्हेट ठोकून दाखवत होता. घट्ट रिव्हेट खणकन वाजतो. आमचे निम्मे बद्द वाजत होते आणि त्यांच्या डोक्याभोवती लाल भुकटी जमली होती.

"दाजी, हे बघा. आडवे बार नुसते लटकलेत. धरून कोणीच कोणाला ठेवलेलं नाही. आपल्या घरच्या बैठकीसारखं."

मी हसलो नाही.

त्याचं म्हणणं असं. ढिले रिव्हेट काढून तिथे नेमके बसणारे जाड बोल्ट घट्ट मारायचे. चॅसीच्या दोन लांब तुळया आतल्या बाजूने उघड्या आहेत, पन्हळ आडवं ठेवल्यासारख्या, म्हणून त्या सहज पिळतात. त्यांच्या मधल्या भागाला आतून प्लेट मारून पेटीसारखं बंद करायचं. गिअरबॉक्सच्या मागे एक नवा आडवा बार. आणि बॉडीखालची झिजलेली रबरं बदलायची.

मी म्हटलं, "मधला भागच का? पुढून मागपर्यंत सगळं बंद कर."

"सगळं करकचून बांधलं तर पीळ जाईल कुठे? जिथे प्लेट संपेल तिथे भेग पडेल. टोकं जरा मोकळी राहू देत. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांनाही थोडं काम करू दे."

ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याची कुठलीच गोष्ट ऐकायला चुकीची वाटत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. अर्धवट काम करून गाडी पुन्हा पुन्हा स्वतःकडे यायला ठेवायची, असं तर नाही?

आणखी एक. हा एवढा जड माणूस, पण डावीकडून कधी येऊन उभा राहतो ते कळतच नाही. दोनदा दचकलो. पावलांचा आवाज न करता चालायला हा कधी शिकला?

११ मार्च

गॅरेजमध्ये घोड्याला अडखळून पडलो. वाटेत, अगदी पायात ठेवला होता. छोटू धावत आला. "लागलं का दाजी? डावीकडे होता तो, दिसला नाही का?" असा स्वर, जसं काही चूक माझीच. मग त्याने हिच्याकडे पाहिलं. ही डबा घेऊन आली होती. हिने मान हलवली, अगदी थोडी. मी ते पाहिलं.

समोरचं मला सगळं दिसतं, हे या दोघा भावंडांनी लक्षात ठेवावं.

१२ मार्च

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. आईशी तासभर बोलली, मी खोलीत गेलो तर विषय बदलला. मग माझ्याशी: "बाबा, समोर बघताना बाजूचं दिसतं ना नीट? घरात अंधारात धडपडत नाही ना?"

मी म्हटलं, "सगळीकडे लक्ष आहे माझं. आईला सांग."

ती गप्प झाली. गप्प बसणं तिने आईकडून घेतलंय.

१५ मार्च

वेल्डिंग सुरू झालं. छोटू दोन बोटं टाका मारतो, थांबतो, मग पार दुसऱ्या बाजूला जाऊन दोन बोटं मारतो. पुन्हा थांबतो. मध्ये चहा. मी विचारलं, "एका ओळीत का नाही संपवत?"

"तापलं की लोखंड ओढतं, दाजी. एकाच बाजूने गेलो तर चॅसीच वाकडी होईल. थंड होऊ द्यायचं." प्लेटची टोकंही सरळ न कापता माशाच्या शेपटीसारखी निमुळती कापली आहेत, म्हणे सरळ कडेपाशी ताण एकवटतो.

हे मलाही माहीत आहे. मी पुलांच्या कामावर देखरेख करण्यात नोकरी घालवली आहे. तरी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजले, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. सारखे भरले. म्हणजे कामात खोट नाही. मग खोट कुठे आहे? माणसात आहे.

१९ मार्च

आता लिहितो ते महत्त्वाचं.

प्लेटा आणि नवा बार बसला म्हणून छोटूने गाडी घोड्यांवरून खाली उतरवली आहे. रबरं यायची आहेत. मी सहज जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे सरकवलेली. आरसाही खाली वळवलेला. छोटूचं पोट तेवढ्या जागेत मावणारच नाही. म्हणजे माझी गाडी कोणीतरी बुटका माणूस चालवतोय.

चाकांच्या कमानीत हात घातला. पांढरी माती. अशी माती गॅरेजच्या गल्लीत नाही, बाजारात नाही. ती फक्त गावाबाहेरच्या आटलेल्या तलावात आहे.

छोटूला विचारलं. म्हणाला, "चालवून बघावं लागतं ना दाजी." डोळ्यांत बघून बोलला नाही. नट पुसत बसला.

माझा अंदाज, कोणा बुटक्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवणं चालू आहे. चॅसी कडक करून घ्यायची, ती मीच हौसेने करून घ्यायची, आणि मग ही दोघं मला म्हणणार, आता वय झालं, गाडी द्या.

घरी आलो तेव्हा हिच्या चपला दाराशी पांढऱ्या झालेल्या. "कुठे गेली होतीस?" तर म्हणाली, "गिरणीत, दळण आणायला." दळण मात्र दिसलं नाही. गिरणी बंद असेल.

२१ मार्च

दोन दिवस गाडीच्या दाराच्या फटीत काडी खोचून येतोय. दोन्ही दिवस काडी खाली पडलेली.

ही दुपारी शिवणाच्या वर्गाला जाते. या वयात शिवण. अजून एक टाका घातलेला दाखवला नाही. उजवा हात कोपरापर्यंत उन्हाने रापलाय, डावा नाही. विचारलं तर म्हणाली, खिडकीशी बसते. बरं.

डावा मडगार्ड कोणीतरी घासलाय. रंगाचा पट्टाच्या पट्टा गेलाय आणि आमच्या फाटकाच्या खांबालाही तोच हिरवा रंग लागलाय. छोटू म्हणतो, "गाडी आली तेव्हाच तसा होता." गाडी आणून देणारा मीच होतो. मला कळलं असतं.

२३ मार्च

स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. लपून नाही, पाणी प्यायला चाललो होतो.

छोटू: "ताई, त्यांना सांगायचं कधी?"

ही: "गाडी होऊ दे आधी. गाडी हातात असली की मला सांगायला बळ येईल."

छोटू: "आणि ऐकलं नाही तर?"

मग भांड्यांचा आवाज.

जेवण गेलं नाही. हिला वाटलं पोट बिघडलंय, जिऱ्याचं पाणी दिलं. मी प्यालो. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारखे राहिलो आणि आता "गाडी हातात असली की". कुणाच्या हातात?

२५ मार्च

न सांगता दुपारी गॅरेजवर गेलो. गाडी नाही. छोटू नाही. मी तडक तलावाकडे चालू लागलो.

काठावरच्या झाडाखाली उभा राहून पाहिलं. तलावाच्या तळाशी छोटूने दगडांचे ढीग घातले आहेत, उंच-सखल, आमच्या ओढ्यासारखे. माझी गाडी त्यावरून चढत होती. पुढचं डावं चाक ढिगावर, मागचं उजवं खड्ड्यात. आधी अशा वेळी ती कण्हायची. आता एक कुरकुर नाही. बॉडी सगळी एका अंगाने कलली, दार चौकटीत घट्ट, फाळका जागेवर. काम झालंय. वाईट याचं वाटलं की ते मी झाडामागून पाहिलं.

छोटू शेजारून चालत ओरडत होता, "क्लच हळू सोड. घाबरू नकोस, ती नाही पिळत आता. डावीकडे बघ, डावीकडे."

चालवत होती ही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, जीभ दातांत धरून, जशी पेटीतून राणीमाशी काढताना धरते. आयुष्यात हिने कधी गाडीच्या चावीला हात लावला नव्हता.

मी परत फिरलो.

आता स्पष्ट आहे. गाडी शिकायची, पेट्या भरायच्या आणि लेकीकडे निघून जायचं. तिथे जवळच फळबागा आहेत. फोनवर तासतास हेच चाललं असणार. मी असं काय केलं ते मात्र मला सापडत नाही. बोलतो तोडून, हे खरं. पण ते पहिल्यापासून.

संध्याकाळी हिने विचारलं, "आज कुठे गेला होता?" मी म्हटलं, "गिरणीत."

२७ मार्च

सकाळी गॅरेज उघडताच गेलो. छोटू आत कोणाशी बोलत होता. किल्ली गाडीलाच होती. काढली गाडी. माझीच आहे, विचारायचं कोणाला? पठारावर एकट्याने जाऊन यायचं आणि दोघांना दाखवून द्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

गाडी उत्तम. ते लिहिलंच पाहिजे. ओढ्याकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मुद्दाम चाकं खड्ड्यांत घातली. दार हललं नाही. वाटलं, अशीच चालवत राहावं.

वळणावर घंटी ऐकली. मागून येतेय असं वाटलं. मग डाव्या बाजूला आवाज झाला, लोखंडाचा, आणि माणसाचा.

आमचा दूधवाला. सायकल माझ्या चाकाखाली, किटल्या उलटलेल्या, रस्ताभर दूध. तो खड्ड्यात बसून मनगट धरून होता. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं.

"काका," तो म्हणाला, "मी समोरून येत होतो. तुम्ही माझ्याकडे बघत होता."

मी म्हटलं, "तू आलास कुठून?"

"समोरून. सरळ."

त्याला गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. तो प्रत्येक वळणाच्या आधी चांगल्या हाताने सीट धरत होता. तो माझ्या डावीकडेच बसला होता, आणि मान वळवल्याशिवाय मला तो दिसत नव्हता. हे मी आज पहिल्यांदा तपासलं. आधी तपासायचं कारणच पडलं नव्हतं.

गाडी दवाखान्याशीच सोडली. छोटूला फोन केला की येऊन घेऊन जा.

त्याच दिवशी, दुपारी

ही आली, समोर बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "तलावात पाहिलं मी तुला. जायचं असेल तर सांगून जा."

"कुठे जायचं?"

"लेकीकडे. पेट्या घेऊन."

हिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी फाळका उघडला ते खरं. पण त्याआधी आपण त्या डावीकडच्या दगडावर चढलो. एवढा मोठा दगड, दाराएवढा. मी ओरडले, 'दगड, दगड.' तुम्ही म्हणालात, 'कुठे आहे?' तो तुमच्या नाकासमोर नव्हता, जरा बाजूला होता. तेव्हापासून मी बघतेय. पेला, खांब, घोडा. तुम्हाला सांगायची सोय नाही. डोळे दाखवा म्हटलं तर महिनाभर बोलणं टाकाल. मला वाटलं, आधी मला गाडी चालवता येऊ दे. मग सांगेन की डोळे दाखवा, आणि घाबरू नका, पेट्या वर जातील."

"आणि छोटू?"

"तो म्हणाला, ताई, तू शिकणार तर गाडी तुझ्या हाताखाली पिळता कामा नये, नाहीतर पहिल्याच ढिगावर घाबरशील. म्हणून तर एवढं काम काढलं त्याने."

मी भिंतीकडे बघत बसलो. मग मलाच शंका आली की मी नेमकं किती भिंत बघतोय.

३० मार्च

डोळ्यांची डॉक्टर. तरुण बाई. एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी ताटकळत बसलो. बराच वेळ दिवा लागलाच नाही. बाहेर येऊन सांगितलं, "मशीन बिघडलंय. मध्ये दिवे लागतच नाहीत."

ती म्हणाली, "लागत होते, काका."

हिने माझ्या बाहीला धरलं.

डोळ्यांतला दाब वाढलाय, म्हणे वर्षानुवर्षं. बाजूची नजर आखडत आली, डावीकडची जास्त. कळत नाही, कारण काय दिसत नाही तेच दिसत नाही. गेलेली परत येणार नाही. थेंब नेमाने घातले तर राहिलेली बरीच टिकेल. गाडी चालवायची नाही. मी विचारलं, "मोकळ्या मैदानावर?" ती म्हणाली, "नाही."

बाटली हिने पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, माझ्याकडे दे. दिली. उगाच वाद घातला नाही, हे मला बरं वाटलं नाही.

१ एप्रिल

दूधवाल्याच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली. त्याची आई म्हणाली, "हात जुळेल, पण दूध कोण घालणार?" छोटूने त्याच्या सायकलचं चाक नवं बसवून दिलंय, पण एका हाताने सायकल चालत नाही.

आता सकाळी ही गाडीतून किटल्या घेऊन जाते, तो शेजारी बसून घरं दाखवतो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघतात. काल वळण घेताना हिने एका कुंडीला धडक दिली. दूधवाल्याने मला सांगितलं, हिने नाही. लक्षात ठेवलंय.

छोटूकडेही गेलो. गेल्या गेल्या गाडीखाली शिरलो. रबरं बसवून झाली आहेत. नव्या बाराचे बोल्ट दोघांनी मिळून पुन्हा कसले. पहिल्या धावेनंतर ते जरा बसतात, पुन्हा कसावे लागतात. बाहेर येताना त्याने डावीकडून हाक मारली, "दाजी, मी इकडे आहे." आता आधी बोलतो आणि मग येतो. हे त्याला कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

तरी मडगार्ड माझ्याकडून घासला गेला असं मी अजून मान्य केलेलं नाही.

५ एप्रिल

पठारावर फुलोरा आला. पहाटे पेट्यांची दारं जाळीने बंद केली, गाडीत चढवल्या, पट्टे आवळले. ही चालवायला, मी शेजारी. पहिला अर्धा रस्ता मी दोन्ही पाय फळीवर दाबून धरले होते, जसे ब्रेक माझ्याच पायाखाली होते. ही म्हणाली, "तुमच्या पायांनी गाडी थांबणार नाही." मी पाय सैल सोडले. जरा वेळाने ते परत दाबलेले सापडले.

ओढ्यात शिरलो. चाकं चढत-उतरत होती, पण मागे पेट्या जागेवर. माश्यांची गुणगुण एकसारखी येत होती, घाबरलेली नव्हती. मी कान चॅसीकडे लावून बसलो होतो. कुठे काही वाजेल तर धरायचं. काही वाजलं नाही.

वरच्या वळणावर पाण्याने अर्धी वाट खाल्ली आहे. उजवीकडे कातळ, डावीकडे सरळ खाली. मागच्या वर्षी ही कड अशी नव्हती. हिने गाडी थांबवली. कपाळाला घाम आला होता.

म्हणाली, "तुमच्या बाजूला किती जागा आहे? मला इथून दिसत नाही."

मला वाटलं, ही समजूत घालतेय. हिच्या तोंडाकडे पाहिलं. तसं काही नव्हतं. तिला खरंच दिसत नव्हतं.

मी दार थोडं उघडलं. मान पूर्ण डावीकडे वळवली, मग खांदाही वळवला, आणि वाकून चाकापासून कडेपर्यंत नीट पाहिलं. घाई केली नाही. पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं. पाय बाहेर काढून कडेची माती दाबून पाहिली.

"वीतभर आहे," मी म्हटलं. "माती घट्ट आहे. कातळाला चिकटून घे, सरळ."

ती उतरून बघायला गेली नाही. गिअर टाकला.